खाऱ्या टाकीचा सामू का घसरतो?

वऱ्हाडातील शेतकऱ्याला ‘सामू’ हा शब्द नवा नाही. मृदा चाचणीच्या अहवालातील पहिल्या काही ओळींतच तो भेटतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्याने पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हा आकडा बहुधा आठाच्या वर असतो आणि तो खाली कसा आणावा, जमिनीत जिप्सम किती घालावे, याचीच चिंता तेथे वाहिली जाते. लोणारच्या सरोवराचे पाणी तर दहाच्या आसपास आहे. अशा मुलखात एखाद्या घरात ‘सामू घसरला’ म्हणून कुटुंब हवालदिल व्हावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु ज्यांनी दिवाणखान्यात काचेच्या टाकीत छोटासा समुद्र वसवला आहे, त्यांची रडकथा नेमकी हीच असते. सामू म्हणजेच पीएच. ८.१ किंवा ८.२ हवा तेथे मीटर सकाळी ७.७ दाखवतो आणि मग पाण्यात पांढरी भुकटी ओतण्याची घाई सुरू होते. टाकीतील मासे व प्रवाळ अनेकदा पीएच घसरल्याने मरत नाहीत; ते या घाईने मरतात.

अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने पाचशे ऐंशी किलोमीटरच्या घरात आहे. अमरावती त्याहून दूर. त्यामुळे येथील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा सगळा डोलारा कृत्रिम समुद्री मिठावर उभा असतो. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश जगभरातील मुलांचा लाडका झाला. गोड्या पाण्यातील गोल्डफिशवरून खाऱ्या पाण्याकडे वळणाऱ्यांची संख्या तेव्हापासून वाढली. मात्र गोड्या पाण्याची टाकी सांभाळणे आणि समुद्रफुले, मृदू प्रवाळ, कोळंबी यांची टाकी सांभाळणे यांत घर चालवणे आणि रुग्णालय चालवणे एवढे अंतर आहे.

आकडा काय सांगतो?

पीएचची मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. ही पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही. एक अंक खाली उतरला की पाण्याची आम्लता दहापट होते, नुसता ०.३ चा फरक पडला तरी ती दुप्पट होते. म्हणून ८.१ वरून ७.८ हा प्रवास कागदावर किरकोळ दिसला, तरी प्रवाळाच्या दृष्टीने तो किरकोळ नाही. प्रवाळ, शंख-शिंपले आणि टाकीच्या काचेवर गुलाबी रंगाचा थर धरणारे शेवाळ ही सर्व मंडळी पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपले कवच बांधतात. पीएच उतरला की कार्बोनेट कमी होते आणि बांधकाम महागते.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. ७.८ ते ८.५ या पट्ट्यात बहुतेक टाक्या नीट चालतात. सदैव ७.९ वर स्थिर असलेली टाकी ही सकाळी ७.८ आणि भुकटी ओतल्यावर दुपारी ८.५ अशा झोके घेणाऱ्या टाकीपेक्षा केव्हाही चांगली. आजार आहे की नाही, हे ठरवण्याआधी थर्मामीटर बरोबर आहे का, हे पाहणे शहाणपणाचे असते.

आधी मीटरवर संशय घ्यावा

बाजारात मिळणारा पेनसारखा स्वस्त पीएच मीटर बहुधा ४.०१ आणि ६.८६ या दोन प्रमाण द्रावणांच्या पुड्यांसह येतो. समुद्राचे पाणी या दोन्ही आकड्यांच्या वर असल्यामुळे त्यांच्यावर मीटर जुळवून घेणे म्हणजे मुंबईचे अंतर मोजण्यासाठी बडनेरा ते मूर्तिजापूर हा टप्पा तपासण्यासारखे आहे. खाऱ्या टाकीसाठी ६.८६ व ९.१८ (किंवा ७ व १०) ही जोडी हवी. पुडी ऊर्ध्वपातित पाण्यातच विरघळवावी, नळाच्या नाही. उघडी राहिलेली बाटली हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते आणि तिचा स्वतःचाच पीएच खाली येतो. अशा शिळ्या द्रावणावर जुळवलेला मीटर मग जन्मभर खोटे बोलतो.

यात वऱ्हाडी उन्हाळ्याची भर पडते. ९.१८ हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांच्या खोलीत तेच द्रावण ९.०७ च्या आसपास असते. स्वस्त उपकरणांतील तापमान-दुरुस्ती ही गोष्ट लक्षात घेतेच असे नाही, आणि ०.१ चा फरक येथेच पडून जातो. काचेचा इलेक्ट्रोड कोरडा पडला असेल किंवा दीड-दोन वर्षे जुना असेल, तरी वाचन भरकटते. तो साठवणीच्या द्रावणात ठेवावा. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय त्याचे आयुष्य कमी करते.

थेंब टाकून रंग जुळवण्याच्या संचाबद्दल दोनच गोष्टी. गोड्या पाण्यासाठीचा संच खाऱ्या पाण्यात चुकीचा रंग देतो. आणि टाकीवरील निळ्या दिव्याच्या उजेडात रंग जुळवू नये. नळी खिडकीपाशी नेऊन पाहावी.

पहाटेचा आणि संध्याकाळचा समुद्र

वाचन कधी घेतले, याला विलक्षण महत्त्व आहे. दिवे लागले की शेवाळ व प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म वनस्पती प्रकाशसंश्लेषण करू लागते, पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पीएच चढतो. दिवे विझले की श्वसन तेवढे चालू राहते आणि तो उतरतो. दिवे लागण्याच्या क्षणी सर्वांत कमी, दिवे मालवण्याच्या सुमारास सर्वांत जास्त, असा हा रोजचा झोका ०.२ ते ०.४ इतका असू शकतो. नोकरीला निघण्यापूर्वी सकाळी सातला मोजणाऱ्याला नेहमीच ‘कमी’ वाचन मिळणार, यात नवल ते काय? किमान तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळांचे आकडे वहीत लिहावेत आणि मगच निष्कर्ष काढावा.

संशयित क्रमांक एक : बंद खोली

मीटर खरा आहे आणि संध्याकाळीसुद्धा आकडा ७.८ च्या वर जात नाही, असे आढळले तर बहुतेक वेळा दोष पाण्यात नसतो. तो खोलीतील हवेत असतो. ही बाब अनेक जुन्याजाणत्या शौकिनांनाही पटकन पटत नाही.

मोकळ्या हवेत आज दहा लाख भागांत ४२० हून थोडे अधिक भाग कार्बन डायऑक्साइड आहे. माणसाच्या उच्छ्वासात त्याचे प्रमाण सुमारे चार टक्के, म्हणजे मोकळ्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत चार माणसे रात्रभर झोपली, शेजारच्या स्वयंपाकघरात गॅस पेटत राहिला, की खोलीतील प्रमाण हजारावर सहज जाते. टाकीतील पाणी पृष्ठभागावरून आणि विशेषतः प्रोटीन स्किमरच्या बुडबुड्यांतून हीच हवा सतत पीत असते. पाण्याची विम्लता तीच राहिली आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पाण्याचा पीएच साधारण ०.३ ने उतरतो. विरघळलेला वायू पाण्याशी मिळून कार्बॉनिक आम्ल तयार करतो, एवढे साधे हे रसायन आहे.

वऱ्हाडात याला एक खास वळण मिळते. येथील घरांत पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा कूलरवर निघाला. कूलर खिडकीत बसतो, ओल्या ताट्यांतून बाहेरची हवा आत ढकलतो, आणि तिला वाट मिळावी म्हणून समोरचे दार उघडे ठेवावे लागते. माणसाला दमट वाटो, टाकीला मात्र ताज्या हवेचा अखंड पुरवठा होत असतो. परंतु कूलरच्या खोलीत पाणी तीस अंशांच्या खाली येणे कठीण, आणि प्रवाळांना २५ ते २७ अंश हवेत. म्हणून पारा ४५ अंशांवर जाऊ लागला की टाकीच्या खोलीत एसी बसतो. घराघरांत भिंतीवर दिसणारा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. तो खोलीतीलच हवा फिरवून थंड करतो. वीज वाचावी म्हणून दाराच्या फटीतही कापड कोंबले जाते. आणि मार्चपर्यंत उत्तम चाललेल्या टाकीचा पीएच एप्रिलमध्ये घसरतो. मालक मात्र मिठाच्या नव्या पाकिटाला दोष देतो.

खरे तर हे बंद खोलीतील प्रकरण पृथ्वीच्याच प्रकरणाची लहान प्रत आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड ३१५ च्या आसपास होता. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच ८.२ च्या जवळ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. ०.१ हा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे तीस टक्क्यांची वाढ. मालवणच्या किनाऱ्यावर किंवा विजयदुर्गसमोर खोल समुद्रातील आंग्रिया बँकेवर जे प्रवाळ आहेत, त्यांना खिडकी उघडून देणारे कोणी नाही.

पेल्याची परीक्षा

दोष हवेचा की पाण्याचा, हे ठरवण्यासाठी घरच्या घरी होणारी एक परीक्षा आहे. टाकीतील पाणी एका स्वच्छ पेल्यात घेऊन पीएच मोजावा. नंतर तो पेला गच्चीवर किंवा अंगणात सावलीत नेऊन हवेच्या छोट्या पंपाने तासभर बुडबुडे सोडावेत आणि पुन्हा मोजावा. (बाहेर रणरणते ऊन असेल तर हे काम पहाटे करावे; पाणी तापले तर तुलना बिघडते.) तसाच दुसरा पेला टाकीच्या खोलीत ठेवून त्यालाही तासभर हवा द्यावी.

बाहेरच्या पेल्याचा पीएच चढला आणि आतल्याचा चढला नाही, तर खोलीची हवा दोषी. दोन्हींचा चढला, तर खोली ठीक आहे, परंतु टाकीत हवा खेळत नाही; पृष्ठभागावरचा पंप वळवून पाण्याला हालचाल द्यावी, स्किमरची तुंबलेली हवेची नळी साफ करावी, काचेचे झाकण असल्यास त्याऐवजी जाळी लावावी. आणि दोन्हींचा आकडा जागचा हलला नाही, तरच विम्लतेकडे वळावे.

हवा दोषी ठरल्यास पहिला उपाय फुकट आहे : रोज पहाटे व रात्री खिडकी उघडणे. दुसरा, स्किमरच्या हवेच्या नळीला लांब नळी जोडून भिंतीच्या छिद्रातून बाहेर काढणे. एसी चालू राहतो आणि बुडबुडे मात्र बाहेरच्या हवेचे येतात. यात एक धोका सांगायलाच हवा. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने वस्त्यांत धुरळणी होते. त्या धुरातील कीटकनाशक या नळीवाटे थेट पाण्यात उतरते, आणि कोळंबी व खेकडे ही कीटकांचीच लांबची भावंडे असल्याने सर्वांत आधी बळी पडतात. धुरळणीची गाडी ऐकू येताच नळी काढून घ्यावी. खोलीत डास पळवणारे यंत्र लावण्याबाबतही हीच सावधगिरी. तिसरा उपाय खर्चिक : शस्त्रक्रियेत भूल देण्याच्या यंत्रात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी जो सोडा लाइम वापरतात, त्याचे दाणे भरलेली नळी स्किमरच्या वाटेवर बसवणे. दाण्यांचा रंग बदलला की ते संपले असे समजावे. एसीच्या दिवसांत ते भराभर संपतात.

विम्लता : गादी की भिंत?

विम्लता, म्हणजे दुकानदार ज्याला ‘अल्कलिनिटी’ म्हणतात ती, पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद होय. समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच असते. टाकीत ७ ते ११ च्या दरम्यान कोठेही एका जागी ठेवली तरी चालते. पाण्यातील उत्सर्जित पदार्थांचे जिवाणूंकडून नायट्रेट होताना ती खर्ची पडते, प्रवाळ वाढताना तर अधिकच. दगडामागे मेलेली गोगलगाय, वाळूत सडणारे खाद्य हेही तिला पोखरतात. ती ७ च्या खाली गेली असेल तर भरून काढणे योग्यच.

चूक होते ती पुढे. विम्लता ९ आहे, हवा खराब असल्यामुळे पीएच ७.८ आहे, आणि मालक ‘पीएच वाढवणारी’ भुकटी ओततो. आकडा तासभर चढतो आणि खोलीतील कार्बन डायऑक्साइड त्याला पुन्हा खाली ओढतो. उद्या पुन्हा भुकटी. आठवड्याने विम्लता १४-१५ वर गेलेली असते, पीएच जेथल्या तेथे. मग एखाद्या रात्री पाणी दुधाळ होते, हीटर व पंपांवर खडूचा थर बसतो, कॅल्शियम कोसळते आणि प्रवाळांची टोके पांढरी पडतात. विम्लता चौथ्या हिश्शाने वाढवली तरी पीएच जेमतेम ०.१ ने वाढतो, हे गणित कळले तर या वाटेला कोणी जाणार नाही.

खाण्याच्या सोड्याविषयीही गैरसमज आहे. तो विम्लता वाढवतो. पीएच मात्र टाकल्याबरोबर किंचित खालीच येतो. धुण्याचा सोडा, म्हणजे शुद्ध सोडियम कार्बोनेट, पीएच चढवतो, पण तोही मोजून आणि सावकाश द्यायचा असतो.

चुन्याची निवळी

पीएच आणि कॅल्शियम दोन्ही उचलून धरणारा सर्वांत जुना उपाय मराठी घराला अपरिचित नाही. लहान मुलांच्या पोटासाठी आजीबाई जी चुन्याची निवळी करीत, तीच परदेशी पुस्तकांत ‘काल्कवासर’ या जर्मन नावाने वावरते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात पडले की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचे बायकार्बोनेट करते. म्हणजे आम्ल जाते आणि प्रवाळाला बांधकामाचा माल मिळतो.

लिटरभर आरओ पाण्यात दीड ते दोन ग्रॅम पूड ढवळून झाकून ठेवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची स्वच्छ निवळीच वापरावी. तिचा पीएच बारापेक्षा अधिक असतो, डोळ्यांत उडाली तर इजा होते. मुलांपासून दूर ठेवावी. रात्रीच्या वेळी, सलाइनसारखी थेंबथेंब, आणि जेवढे पाणी वाफेने उडाले तेवढीच टाकीत सोडावी. एका दिवसात पीएच ०.२ हून अधिक हलू देऊ नये. पानठेल्यावरचा चुना मात्र वापरू नये. त्यात काय मिसळले आहे याची खात्री नसते. आपल्याकडे कोरड्या उन्हाळ्यात टाकीतील पाणी झपाट्याने उडते, त्यामुळे निवळी देण्यास जागाही भरपूर मिळते. पावसाळ्यात बाष्पीभवन मंदावते आणि तेच प्रमाण चालू ठेवले तर क्षारता घसरते, हे ध्यानात ठेवावे.

पाणी कोठले?

अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे पाणी मिळते. दोन्ही पिण्यास योग्य, पण टाकीसाठी आरओमधून व त्यापुढे डीआय रेझिनमधून काढल्याखेरीज वापरू नये. आरओचा पडदा क्षार अडवतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यातून सुटून जातो. म्हणून ताज्या आरओ पाण्यात मीठ कालवून लगेच मोजल्यास पीएच कमी येतो. चोवीस तास हवा व हालचाल देऊन मग मोजावे.

‘आमच्या विहिरीचे पाणी आधीच खारे आहे, मीठ विकत कशाला घ्यायचे?’ हा प्रश्न खारपाणपट्ट्यात स्वाभाविक आहे. पण खारे ते सारे समुद्राचे नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोराइडबरोबर लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० च्या आसपास कॅल्शियम व पोटॅशियम असते. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात हे प्रमाण पार वेगळे असते. हरियाणातील खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्यासाठी मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्रात जे काम झाले, त्यातही पोटॅशियमची उणीव बाहेरून भरून काढावी लागली. कोळंबीला जे चालवून घेता येते, ते प्रवाळाला येत नाही.

वीज गेल्यावर

भारनियमनाच्या वर्षांत वऱ्हाडातील शौकिनांनी जे सोसले ते आता राहिले नाही. पण मृगाच्या वादळात एखादी तार तुटली की चार-सहा तास अंधार आजही होतो. पंप थांबतात, बुडबुडे थांबतात, प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच कोसळतो. अशा वेळी औषध काहीही नको. बॅटरीवरचा हवेचा पंप हवा. वीज आल्यावर आकडा पाहून घाबरू नये, तो काही तासांत स्वतःहून वर येतो.

खरेदीपूर्वी कायदा

एवढी उस्तवार करून टाकी स्थिरावली की कठीण प्रवाळाचा मोह होतो. येथे थांबून विचारावे. खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, स्थान आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते कायम राहिले. रामेश्वरमच्या किंवा कच्छच्या आखातातून काढलेला प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळखडक घरात ठेवणे हा गुन्हा आहे. सर्व समुद्रघोडेही याच यादीत आहेत. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात आड आलेल्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. परदेशातून आणलेल्या कठीण प्रवाळांनाही साईट्स कराराखालील परवाना लागतो. दुकानदाराने कागद दाखवले नाहीत, तर वस्तू कितीही सुंदर असो, घेऊ नये.

झोअँथिड व मशरूम प्रकारचे मृदू जीव या भारतीय यादीत मोडत नाहीत, तरी त्यांच्याही खरेदीची पावती जपून ठेवावी. नवशिक्याला तेच बरे, कारण पीएच ७.८ वर आला तरी ते फारसे कुरकुरत नाहीत. खडक मात्र कोरडा किंवा सिरॅमिकचा घ्यावा. त्यावर जिवाणू बसण्यास महिना-दीड महिना लागतो, आणि तेवढ्या वेळात सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची वहीही अर्धी भरते.